मातामायचे डोळे अन् सुमेरचे पुतळे

लहानपणी माझ्या डोळ्यात पऱ्हाटीची काडी लागली होती, चार दिवस डोळा उघडतच नव्हता, तेव्हा आजीनं शिवेवरच्या मातामायला नवस बोलला. डोळा बरा झाला तशी सोनाराकडून चांदीच्या पत्र्याचे दोन डोळे घेऊन आली अन् मायच्या दगडावर शेंदरात दाबून बसवले. मी विचारलं डोळेच कशाला, तर म्हणे, "मले रोज येनं जमते का बापू, वावरात जा लागते. हे डोये राह्यतीन मायच्या समोर."

काल रात्री मोबाईलवर टेल अस्मरचे फोटो पाहिले अन् आजीचं हे बोलणं जसंच्या तसं आठवलं. इराकमधली जागा आहे ही, जुन्या सुमेर संस्कृतीतली, जुनं नाव एश्नुन्ना. १९३३-३४ च्या खोदकामात पुरातत्त्वज्ञ हेन्री फ्रँकफर्टच्या टीमला तिथं अबू देवाच्या देवळात, जमिनीखाली एका खड्ड्यात नीट रचून ठेवलेले १२ पुतळे सापडले, साडेचार हजार वर्षांहून जुने. सगळ्यात उंच ७२ सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या मांडीएवढा. बहुतेक जिप्समचे, हात छातीशी जुळवलेले, अन् डोळे... बाप रे, अर्धा चेहरा डोळ्यांचाच! पांढरा भाग शिंपल्याचा, बुबुळं काळ्या दगडाची, सगळं डांबरानं चिकटवलेलं. हे देव नाहीत, भक्त आहेत. माणूस आपल्या कामाधंद्याला जायचा अन् त्याच्या नावाचा पुतळा देवळात उभा राहून प्रार्थना करत राहायचा, पापणी न लवता.

नंतरच्या काळातला लगाश या सुमेरी शहराचा राजा गुडेआ तर आणखी पुढे गेला, त्यानं निनगिरसू देवासाठी घडवलेल्या पुतळ्यावर पुतळ्यालाच उद्देशून कोरून ठेवलंय की माझा निरोप देवाला सांग. मला तर हे उर शहरातल्या त्या मोठ्या झिगुरातपेक्षाही, म्हणजे टप्प्याटप्प्यानं चढत जाणाऱ्या देवळाच्या बुरुजापेक्षाही, भारी वाटते. झिगुरात राजानं बांधला, लाखो विटांचा, त्याचा मान आहेच, पण हे छोटे पुतळे पाहिले की देवळात आलेला माणूस दिसतो.

मागच्या पोळ्याला गावी गेलो होतो. आजी आता नाही. मातामायवर शेंदराचा थर इतका चढलाय की डोळे कुठंच दिसेनात, मग बोटानं हळूहळू चाचपत गेलो, तर डाव्या बाजूला पत्र्याची कड लागली.