सोल्वँग: १०१ सोडून अर्धा दिवस

सोल्वँग हे कॅलिफोर्नियातलं डॅनिश स्थलांतरितांनी वसवलेलं छोटं गाव. लॉस एंजेलिसहून उत्तरेकडे हायवे १०१ ने निघालं की साधारण १४० मैलांवर ब्यूलटन येतं. तिथे उजवीकडे हायवे २४६ धरला की तीन-चार मैलांवर सोल्वँग. गोलेटा सुटल्यावर रस्ता समुद्राला खेटून जातो, फार देखणा आहे, पण ब्यूलटनपर्यंत पेट्रोल मिळेल या भरवशावर राहू नका. टाकी गोलेटालाच भरा. सांता बार्बराहून हायवे १५४ चा सॅन मार्कोस घाट अंतराने कमी पडतो आणि कचूमा तलावाच्या बाजूने जातो. मात्र तो बराचसा दुपदरी आणि वळणावळणाचा आहे, आणि जोराच्या पावसात दरड पडून बंदही होतो. गाडीत कुणाला घाट लागत असेल किंवा अंधार पडला असेल, तर सरळ १०१ घ्या.

शनिवार-रविवारी दहाच्या आत पोहोचा. कोपनहेगन ड्राइव्ह आणि अलिसाल रोडच्या आसपास गाडी लावायला जागा शोधण्यातच नंतर वेळ जातो. रस्त्याकडेच्या जागांना वेळेची मर्यादा असते, तेव्हा पाटी वाचूनच गाडी लावा. सप्टेंबरातल्या ‘डॅनिश डेज’च्या दिवसांत मिरवणुका आणि गर्दी धरूनच बेत करा, आणि मुक्काम करायचा असेल तर खोली खूप आधी ठरवा.

सकाळचं पहिलं काम म्हणजे एब्लस्किव्हर, चेंडूसारखे गोल डॅनिश पॅनकेक. आपल्या आप्प्यांचा हा सख्खा भाऊच: बिडाचं जाड पात्र, बहुधा सात खळगे. पिठात मैदा, ताक, अंडी, थोडी साखर आणि कधी वेलची. अंड्याचा पांढरा भाग वेगळा फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळतात. इथे पीठ जास्त घोटलं की हवा निघून जाते आणि गोळे दडस होतात. फरक आहे तो उलटण्यात. आप्पे एकदाच पालथे घालतो. इथे कडेला पापुद्रा धरला की विणकामाच्या सुईने गोळा पाव वळसा फिरवतात, आतलं ओलं पीठ खाली उतरतं, ते धरलं की पुन्हा पाव वळसा. असं केलं तरच पूर्ण चेंडू होतो. फिरवायला उशीर झाला तर वरचा अर्धा भाग भरतच नाही, आणि आच मोठी असेल तर बाहेरून तांबूस, आत कच्चं. खिडकीपाशी उभं राहून हे दोन मिनिटं नक्की बघा. वरून पिठीसाखर आणि रास्पबेरी जॅम घालून देतात. गरम असतानाच खा, गार झाल्यावर चिवट लागतात. अंडं न खाणाऱ्यांनी मात्र आधी विचारून घ्यावं, इथल्या बेकऱ्यांतल्या बहुतेक पदार्थांत ते असतं.

आता गावाबद्दल. पवनचक्क्या, लाकडी पट्ट्यांच्या भिंती, छपरांवरचे लाकडी करकोचे, कोपनहेगनच्या जलपरीची छोटी प्रतिकृती: फोटो यांचेच काढले जातात, आणि काढावेतही. पण हे रूप बरंचसं दुसऱ्या महायुद्धानंतरचं आहे. १९११ साली डॅनिश मंडळींनी इथे सुमारे ९,००० एकर जमीन घेतली ती शेती, चर्च आणि आपल्या पद्धतीच्या शाळेसाठी. तेव्हाची दुकानं कॅलिफोर्नियातल्या इतर गावांसारखीच होती. १९४७ मध्ये एका मोठ्या अमेरिकी साप्ताहिकात गावावर लेख आला, लोक बघायला येऊ लागले आणि दुकानदारांनी दर्शनी भाग बदलत नेले. कित्येक ठिकाणी लाकडी पट्ट्या नुसत्या वरून लावलेल्या आहेत. इमारतीच्या बाजूच्या बोळात शिरा, साधी भिंत लगेच दिसते.

म्हणून माझा आग्रह असा, की मुख्य रस्त्यावर तासभर पुरे. उरलेला वेळ बाजूच्या गल्ल्यांना द्या. अॅटरडॅग रोडवरचं बेथानिया लुथरन चर्च १९२८ चं. आत छताला जहाजाची प्रतिकृती टांगलेली आहे. डेन्मार्कच्या किनारी गावांतल्या चर्चमध्ये ही जुनी रीत आहे आणि स्थलांतरितांनी ती इथवर आणली. एल्व्हरहॉय संग्रहालय हे एका चित्रकार-शिल्पकाराचं राहतं घर, डेन्मार्कमधल्या जटलंडच्या जुन्या शेतघराच्या धर्तीवर बांधलेलं. स्वयंपाकघरातली रंगवलेली लाकडी दारं-फडताळं जवळ जाऊन बघा. अशी हातची कारागिरी मुख्य रस्त्यावर सापडत नाही. संग्रहालय आठवड्यातले काही दिवस बंद असतं, त्यामुळे निघण्यापूर्वी वेळ तपासून घ्या.

गावाच्या पूर्व टोकाला, चालत पाच-दहा मिनिटांवर, मिशन सांता इनेस आहे: स्पॅनिश धर्मप्रसारकांचं ठाणं, १८०४ मधलं, डॅनिश लोकांच्या शंभर वर्षं आधीचं. ही मूळची चुमाश या आदिवासी लोकांची भूमी. १८२४ मधला त्यांचा उठाव याच मिशनमधून पेटला. हे बघितल्याशिवाय या खोऱ्याची गोष्ट अर्धवटच राहते, आणि बरेच पर्यटक नेमकं हेच टाळून निघून जातात.

उन्हाळ्यात दुपार चांगलीच तापते, पण संध्याकाळी समुद्राकडून गार वारा येतो. जाकीट गाडीतच ठेवू नका. बरीच दुकानं संध्याकाळी लवकर बंद होतात, त्यामुळे कुकीज, केक वगैरे न्यायचं असेल तर चारच्या आत घ्या. पुढे उत्तरेला जायचं असेल तर ब्यूलटनला परत फिरायची गरज नाही. अलामो पिंटाडो रोडने लॉस ऑलिव्होसला जा, तिथून १५४ वर डावीकडे वळा. दोन-तीन मैलांत पुन्हा १०१ लागतो.