मांजरपाटात शिवलेलं पार्सल

माझी माय पार्सल शिवते. किराणा दुकानातून खोकं आणते, पुड्या नीट बसवते, फटींमध्ये जुन्या लुगड्याचे तुकडे कोंबते आणि वरून मांजरपाट घालून दाभणानं टाके घालते. कापड आता लागतंच असं नाही, चिकटपट्टी लावलेलं खोकंही पोस्टात घेतात, हे मी तिला कितीदा सांगितलं. "टेप सुटती बाई, टाका सुटत न्हाई," एवढंच तिचं उत्तर.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. मी सहा वर्षांपूर्वी नर्स म्हणून जर्मनीत आले, कार्ल्सरूहला राहते. "तिकडं घरचं पार्सल येतं का, किती दिवसांत येतं, काय पाठवू नये?" असं गावाकडून बऱ्याच जणी विचारतात. ज्यांची मुलं आता इकडं यायला निघाली आहेत त्या तर हमखास विचारतात. म्हणून जे भोगलं आणि जे सुख मिळालं ते लिहिते.

पहिलं पार्सल मला मिळालंच नाही. आमटीला लावायचं येसर, कारळाची चटणी, जवसाची चटणी, दोन किलो ज्वारीचं पीठ आणि धपाट्यांसाठी घरचं भाजून दळलेलं तिखट. ते कार्ल्सरूहपर्यंत आलं, माझ्या इमारतीच्या दारापर्यंतही आलं आणि तिथून परत गेलं. जर्मनीत बहुतेक इमारतींना फ्लॅट नंबर नसतो. रस्ता, घर क्रमांक आणि नाव, एवढाच पत्ता. खाली पत्रपेट्यांची रांग असते, प्रत्येक पेटीवर आणि प्रत्येक बेलवर राहणाऱ्याचं आडनाव. त्या आडनावावरच सगळं चालतं. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच राहिलं होतं. घरमालक पाटी बदलतो म्हणाला होता आणि मी वाट बघत बसले. चूक माझीच. कागदावर सरळ माझं नाव लिहून चिकटवायला हवं होतं.

'या नावाचं कोणी सापडत नाही' असा शेरा घेऊन ते पार्सल तीन महिन्यांनी गावी परत पोचलं. चटण्या खवट झाल्या होत्या. मायनं फोनवर फक्त "येसर चांगलं हाय अजून" एवढं सांगितलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. म्हणून पोरांनो, इथं आल्यावर भांडी-गाद्या नंतर घ्या, आधी पेटीवर आणि बेलवर नाव लावा. घरच्यांनाही तेच आडनाव त्याच स्पेलिंगनं कळवा. आपण नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव असं लिहितो, त्यात इथला माणूस गोंधळतो. आडनाव ठळक आणि मोठं लिहायला सांगा.

दुसरं पार्सल कस्टममध्ये अडकलं. पत्र आलं, मी ओळखपत्र घेऊन त्यांच्या कचेरीत गेले. पार्सल समोरच उघडतात. तिथल्या बाईंनी कात्रीनं टाके उसवायला घेतले आणि मध्येच थांबून विचारलं, हे हातानं शिवलंय का? मी हो म्हटलं. मग त्यांनी एका बाजूचेच टाके काढले, बाकीचं कापड तसंच राहू दिलं. भेट म्हणून एका माणसानं दुसऱ्याला पाठवलेल्या वस्तू 45 युरोपर्यंतच्या असतील तर इथं कर लागत नाही. मात्र यादी स्पष्ट हवी. मायनं फॉर्मवर 'खाऊ' एवढंच लिहिलं होतं. त्यावरूनच ते थांबवलं होतं. आता आमच्या शाळेतला एक पोरगा इंग्रजीत प्रत्येक पुडीचं नाव, वजन, किंमत लिहून देतो.

त्या खोक्यात कुंथलगिरीचे पेढे आणि तुपाची बरणीही होती. ती टेबलावरच राहिली. युरोपबाहेरून टपालानं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. मला वाईट वाटलं, रागही आला. पण कारण कळल्यावर राग उरला नाही. अशा पदार्थांतून जनावरांचे रोग येतात. जानेवारी 2025 मध्ये बर्लिनजवळच्या एका गावात म्हशींना लाळ्या-खुरकूत झाला. जर्मनीत 1988 नंतर तो पहिल्यांदाच आला होता आणि तो सगळा कळप मारावा लागला. लाळ्या-खुरकूत म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. तेव्हा पेढे, खवा, तूप पाठवू नका. बाहेरून टपालानं औषधं मागवायलाही इथं खासगी माणसाला मनाई आहे. मुलाच्या खोकल्याचं औषध आईनं काळजीनं टाकलं तरी ते अडकतं.

इथलं सगळ्यात चांगलं काय, तर शेजार. आपण घरी नसलो की पार्सलवाला ते शेजारी ठेवतो आणि कुणाकडे ठेवलं त्याची चिठ्ठी पेटीत टाकतो. मी नाइट ड्युटी करून सकाळी झोपते, बेल ऐकू येत नाही. माझी बहुतेक पार्सलं खालच्या मजल्यावरच्या आजी घेतात. पहिल्यांदा मी न्यायला गेले तेव्हा त्यांनी खोकं गादीच्या खुर्चीवर ठेवलं होतं आणि टाक्यांवरून बोट फिरवत होत्या. त्यांची आई युद्धानंतरच्या दिवसांत असंच शिवायची म्हणे.

आता उलट्या दिशेची गोष्ट. मायच्या गुडघ्यासाठी पट्टा मी इथून ऑनलाइन मागवून गावी पाठवला. कंपनीचं नाव लिहीत नाही. मी घाईत पिनकोड 413 ऐवजी 431 नं सुरू केला. मराठवाड्यातल्या लोकांनी हे नीट लक्षात ठेवावं. संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, हिंगोली, बीड ही 431 ची बाजू, पण लातूर आणि धाराशिव 413 मध्ये, सोलापूरच्या सोबत. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही सहा आकड्यांची पद्धत 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू आहे. दोन आकडे उलटे झाले आणि पट्टा परभणीला जाऊन बसला.

तो पुन्हा मागवला, तेव्हा पत्ता बरोबर होता. माय तीन दिवस ओसरीवरून हलली नाही. तिन्ही दिवस माझ्या फोनवर एकच संदेश आला, 'ग्राहक घरी नाही'. चौथ्या दिवशी ओटीपी आला तो माझ्या नंबरवर, सकाळी नऊला, म्हणजे हिवाळ्यात इथे पहाटे साडेचारला. मी वॉर्डात, फोन लॉकरमध्ये. शेवटी निरोप आला, औशाला येऊन घेऊन जा. गुडघ्याच्या पट्ट्यासाठी माझ्या मायनं दुखऱ्या गुडघ्यानं एसटी धरली. ते मी विसरू शकत नाही. दर पार्सलमागे पैसे मिळणारा तो पार्सल पोचवणारा पोरगा दिवसाला किती गावं करतो हे मला माहीत आहे, त्याच्या पोटावर मला पाय द्यायचा नाही. पण 'येणं जमलं नाही' असं खरं लिहिण्याची सोय त्याला कंपनीनं द्यायला हवी. खोटा शेरा दारात बसून राहिलेल्या म्हातारीला लागतो.

त्याच गावात आमचा पोष्टमन आहे. ग्रामीण डाक सेवक. कागदावर त्याचं काम दिवसाचे चार-पाच तास. माय शेतात असली तर तो पार्सल घेऊन बांधावर जातो.

त्याच्या आधीचे पोष्टमन मामा मला आठवतात. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. गणपती नुकतेच विसर्जन झाले होते. गाव मातीत गेलं, आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये आलो. कुणाची गल्ली नाही, कुणाचं दार नाही. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांची पोस्टकार्डं यायला लागली, 'खुशाली कळवा'. मामांचंही घर पडलेलं होतं. तरी ते सायकल हातात धरून शेडा-शेडातून नाव पुकारत हिंडायचे. ज्याच्या नावाचं कार्ड आलं तो माणूस उरलेला नसेल, तर ते त्याच्या नात्यातलं कोण राहिलंय ते शोधायचे आणि खाली बसून वाचून दाखवायचे. माझ्या थोरल्या काकांच्या नावाचं कार्ड त्यांनी माझ्या मायला असंच वाचून दाखवलं होतं. ते कार्ड अजून ट्रंकेत आहे. पुढं नव्या गावात सारखी दिसणारी घरं रांगेनं उभी राहिली. त्यातही कुणाचं दार कोणतं हे आम्हाला पाठ व्हायच्या आधी मामांना झालं.

माय त्यांना गूळ-पाणी दिल्याशिवाय कधी जाऊ देत नव्हती.

यंदाचं दिवाळीचं पार्सल वीस दिवसांत आलं. स्पीड पोस्टानं.  कापडाच्या आत माय नेहमी दुसरी चिठ्ठी शिवते, वरचा पत्ता फाटला तर नाव कळावं म्हणून. यावेळी त्या चिठ्ठीवर माझ्या नावाखाली अजून दोन ओळी होत्या. 'खालच्या आजीला शंकरपाळ्याची पुडी. पार्सल आणणाऱ्याला चिवडा दे, उन्हातान्हाचं आणतंय लेकरू.'

इथं तेव्हा पाऊस पडत होता आणि चार अंश तापमान होतं. दोन दिवसांनी इथला पार्सलवाला पिवळी गाडी घेऊन दुसऱ्या कुणाचं खोकं द्यायला आला, तेव्हा मी जिन्यात उभी राहून त्याला चिवड्याची पुडी दिली. त्यानं ती हुंगली, तिखट आहे का विचारलं, आणि जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली.