बैल गाडी ओढतात कुणाच्या जिवावर?

नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा गतीच्या नियमांचा. जूनमध्ये तो शिकवून होतो आणि दिवाळीनंतर मी तो पुन्हा काढतो, फक्त गणितांसाठी. तोवर न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना पाठ झालेला असतो : प्रत्येक क्रियाबलाला तेवढंच, विरुद्ध दिशेचं प्रतिक्रियाबल. तो कळलाय का, हे बघायला माझा एक ठरलेला प्रश्न आहे. बैल गाडीला जेवढ्या बलाने पुढे ओढतात, तेवढ्याच बलाने गाडी बैलांना मागे ओढते. मग गाडी हलते कशी?

प्रश्न जुनाच आहे. १६८७ साली छापलेल्या ग्रंथात खुद्द न्यूटनने तिसऱ्या नियमाखाली दोराने दगड ओढणारा घोडा घेतला आणि घोडाही दगडाकडे तेवढाच ओढला जातो असं लिहिलं. आमची शाळा कोल्हापूर जिल्ह्यात, साखर कारखान्याच्या वाटेवर. गळीत हंगामात वर्गाच्या खिडकीतून उसाच्या गाड्या दिसत असतात, म्हणून आमच्याकडे घोड्याच्या जागी बैल.

त्या दिवशीही नेहमीची उत्तरं आली. "बैलांचं बल जास्त असतंय सर." नियम तर म्हणतो, दोन्ही सारखी. "मग प्रतिक्रिया जरा उशिरा येत असणार." नाही, दोन्ही बलं एकाच क्षणी असतात. वर्गातली सर्वांत हुशार मुलगी म्हणाली, "सारखी असली तर बेरीज शून्य. गाडी हलायलाच नको." तिचं गणित कधी चुकत नाही आणि या उत्तरावर ती स्वतःच अस्वस्थ झाली होती. मला हे अस्वस्थ होणं फार मोलाचं वाटतं. तिथूनच पुढे विचार सुरू होतो.

मागच्या बाकावर बीड जिल्ह्यातून आलेला एक मुलगा होता. आई-वडील ऊसतोडीला, टोळी कारखान्याच्या माळावर उतरलेली. ही मुलं दिवाळीनंतर येतात आणि हंगाम संपला की जातात. पुस्तकाचा अर्धा भाग तिकडे, अर्धा इकडे. एरवी तो वर्गात बोलत नसे. त्या दिवशी उठून म्हणाला, "सर, बैल गाडी वढतेत ते जमिनीच्या जिवावर."

मी म्हटलं, नीट सांग.

"सकाळी पुलाच्या चढाला आमची गाडी अडकली. रस्ता वला होता. बैलांच्या पायात पत्र्या, डांबरावर पाय घसरू लागले. बैल जोर लावतेत, पण गाडी जागची हलेना. मग बापानं कडंचा मुरूम पायाखाली टाकला, तशी निघाली."

वर्गाला मी एवढंच विचारलं, मुरूम टाकल्यावर काय बदललं? बैल तेच. गाडी तीच, ऊस तेवढाच. जू तेच. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग ती हुशार मुलगीच म्हणाली, "पाय आणि रस्ता. घर्षण."

आता फळ्यावर गाडी वेगळी काढली आणि बैल वेगळे. हे वेगळं काढणं हाच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. माझ्या वर्गात प्रत्येक बाणाला दोन नावं द्यावी लागतात : हे बल कोण लावतंय आणि कुणावर. नाव सांगता आलं नाही तर बाण पुसायचा. गाडीवर : बैल पुढे ओढतात, रस्ता चाकांना मागे अडवतो. बैलांवर : गाडी मागे ओढते, जमीन खुरांना पुढे ढकलते, कारण खुरांनी जमिनीला मागे रेटलेलं असतं. ती 'सारखी आणि विरुद्ध' जोडी दोन वेगवेगळ्या चित्रांत जाऊन बसली. एक बल गाडीवर, दुसरं बैलांवर. त्यांची बेरीज करायचा प्रश्नच उरला नाही.

मग आकडे घातले, सोयीचे. उसासकट गाडी १५०० किलो, दोन्ही बैल मिळून ७०० किलो, सपाट डांबरावर चाकांना अडवणारं बल ३०० न्यूटन, निघताना त्वरण ०.२ मी/से². बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, तेव्हा गाडीला त्वरणासाठी १५०० गुणिले ०.२, म्हणजे ३०० न्यूटन हवेत. अडवणारे ३०० त्यात मिळवले की बैलांची ओढ ६०० न्यूटन. तेवढ्याच बलाने गाडी बैलांना मागे ओढते. बैलांना स्वतःला पुढे सरकायला ७०० गुणिले ०.२, म्हणजे १४० न्यूटन. तेव्हा जमिनीने खुरांना ७४० न्यूटनने पुढे ढकललं पाहिजे.

आता बैल आणि गाडी एकच वस्तू धरा, असं मी सांगितलं. एकूण २२०० किलो. त्वरणासाठी ४४० न्यूटन, अडवणारे ३००, बेरीज ७४०. जुवावरची ६०० ची जोडी या हिशोबात कुठे आलीच नाही, तरी उत्तर तेच. दोन वाटांनी एकच आकडा आला की मुलांचे चेहरे बदलतात. त्यासाठी एक अख्खा तास गेला तरी मला चालतो. आपल्याकडे गणितं घालतात ती '१० किलोच्या वस्तूवर २० न्यूटन बल लावले' अशी. वस्तू कसली, बल कुणी लावलं, काही नाही. भागाकार करा, पुढे चला. अशी वीस गणितं बरोबर सोडवलेल्या मुलालाही बाण काढता येत नाहीत, हे मी दरवर्षी बघतो. म्हणून चित्राशिवाय सोडवलेल्या गणिताला मी पूर्ण गुण देत नाही, पालक काहीही म्हणोत.

"पण सर, सपाटीला घसरत नाहीत," मागून पुन्हा आवाज आला. "चढालाच घसरतेत." म्हणून चढ घेतला : २० मीटर जाताना १ मीटर उंची. किलोला साधारण १० न्यूटन धरले तर २२०० किलोचं वजन २२,००० न्यूटन, त्याचा विसावा भाग उताराच्या दिशेने ओढतो, म्हणजे ११०० न्यूटन. तेच त्वरण हवं असेल तर जमिनीकडून आता १८४० न्यूटन लागतात. सपाटीच्या जवळजवळ अडीचपट. ओल्या डांबरावर लोखंडी पत्रीला एवढी पकड मिळत नाही, खडबडीत मुरमावर मिळते. सकाळी पुलावर त्याच्या वडिलांनी केलेला उपाय फळ्यावर आकड्यांत उभा होता. त्याने तो पूर्ण वहीत उतरवून घेतला, बाणांसकट, आणि प्रत्येक बाणाखाली दोन्ही नावं लिहिली.

त्याने नंतर विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. तास संपल्यावर टेबलाजवळ आला. "सर, हे झालं वढायचं. मानेवर भार किती येतो ते काढता येतं का?" बैलाच्या मानेला जखम झाली की काम थांबतं, आणि उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, तर फेडायचीच असते, हे त्याने सांगितलं नाही, पण त्या मुलांना ते सांगावं लागत नाही.

हे गणित नववीच्या पुस्तकात नाही. दुसऱ्या दिवशी मी ते घेतलंच. दोन चाकांची गाडी आसावर तोललेली असते. भार मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, म्हणजे पुढून वर उचलली जाते, पुढे झाला की जू मानेवर बसतं. आसापासून जू ३ मीटरवर धरलं आणि १५०० किलोचा भारमध्य आसाच्या १० सेंटिमीटर पुढे, तर १५,००० गुणिले ०.१ भागिले ३, म्हणजे ५०० न्यूटन. दोन मानांवर मिळून ५० किलोचं ओझं, आणि तेही गाडी उभी असताना. मोळ्या रचताना भारमध्य आणखी १० सेंटिमीटर पुढे गेला तर १०० किलो.

तो म्हणाला, "मग आज मोळ्या मीच लावतो."