म्हाताऱ्या पेशींतला गडद बँड

मानवी त्वचेच्या फायब्रोब्लास्ट पेशींचा ब्लॉट (आकारानुसार वेगळी करून पडद्यावर घेतलेल्या प्रथिनांचं चित्र) इमेजरवर उमटला, तेव्हा म्हाताऱ्या पेशींच्या लेनमधला (एका नमुन्याच्या उभ्या रांगेतला) एलसी३-२ या प्रथिनाचा बँड तरुण पेशींपेक्षा चांगलाच गडद होता. पीएचडी करणाऱ्या मुलीने लगेच विचारलं, "सर, म्हणजे वयाबरोबर ऑटोफॅजी वाढते?" पेशी स्वतःचीच खराब प्रथिनं गिळून पचवते, ती ही ऑटोफॅजी. मी म्हटलं, "थांब, शेजारच्या दोन लेन आधी बघ."

एलसी३ ला एक स्निग्ध रेणू जोडला की एलसी३-२ तयार होतं आणि ऑटोफॅगोसोमच्या, म्हणजे खराब माल भरून नेणाऱ्या पिशवीच्या, पडद्याला चिकटतं. ही पिशवी लाइसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीला, मिळाली की तिच्या आतल्या बाजूचं एलसी३-२ मालासकट पचून जातं. म्हणजे बँड दोन कारणांनी गडद होतो: पिशव्या जास्त बनतायत, किंवा बनलेल्या पचत नाहीत. मोरीत पाणी साचलं म्हणून नळ जोरात सुटलाय असं नसतं, मोरी तुंबलेलीही असू शकते.

त्यासाठी त्या दोन लेन होत्या. पेशींवर १०० नॅनोमोलर बॅफिलोमायसिन दोन तास, आणि जोडीच्या विहिरीत (पेशींच्या थाळीतल्या खळग्यात) तेवढंच नुसतं डीएमएसओ, म्हणजे औषध ज्यात विरघळवतात ते द्रावक. बॅफिलोमायसिन लाइसोसोमचा प्रोटॉन पंप बंद पाडतं, आम्लता उतरते, पचन थांबतं. औषध दिल्यावर एलसी३-२ जितकं वाढतं, तितका प्रवाह, म्हणजे ऑटोफॅजीतून माल पचत जाण्याचा वेग. तरुण पेशींत बँड कितीतरी वाढला होता. म्हाताऱ्या पेशींत जेमतेम. पंप बंद करूनही फारसा फरक पडला नाही, कारण पचन आधीच मंदावलेलं होतं. प्रश्नाचं उत्तर त्या लेनमध्येच होतं, आणि ते नेमकं उलटं निघालं.

हा निष्कर्ष टिकायचा तर ब्लॉट नीट हवा. एलसी३ जेमतेम १४ ते १८ किलोडाल्टनच्या आसपास धावतं, म्हणून १५ टक्क्यांचं जेल आणि ०.२ मायक्रॉन छिद्रांचा पीव्हीडीएफ पडदा. ०.४५ च्या पडद्यातून इतकं लहान प्रथिन आरपार निघून जाऊ शकतं. प्रत्येक लेनमध्ये २० मायक्रोग्रॅम प्रथिन. एलसी३-२ ची तुलना अ‍ॅक्टिनशी (पेशींत साधारण सारख्याच प्रमाणात असणाऱ्या प्रथिनाशी) करायची, एलसी३-१ शी, म्हणजे स्निग्ध रेणू न जोडलेल्या रूपाशी, नाही. एलसी३-१ नमुना पुन्हापुन्हा गोठवल्या-वितळवल्याने सहज खराब होतं, आणि बऱ्याच अँटिबॉडी दोन्ही रूपांना सारख्या चिकटत नाहीत.

पी६२ हे प्रथिन देखील साचलेलं होतं. ते मुख्यतः ऑटोफॅजीत पचतं, त्यामुळे ते तुंबल्याच्या बाजूने बोलतं. पण ताणाखाली त्याचं जनुकही जास्त चालतं, म्हणून आरएनए मोजल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र खरी फसगत होते. जुन्या पेशींत लिपोफ्युसिन साठतं: ऑक्सिडेशनने एकमेकांत गुंतलेली, न पचणारी प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ. ते काहीही रंग न लावता पिवळं-नारिंगी चमकतं, आणि ते ठिपके एलसी३ चे ठिपके म्हणून मोजले जातात. न रंगवलेली स्लाइड शेजारी ठेवल्याशिवाय मोजायला बसूच नये, असं माझं ठाम मत आहे.

प्रोटिआसोम, म्हणजे खराब प्रथिनं तोडणारी पेशीतली दुसरी यंत्रणा, वेगळा तपासावा लागतो, आणि तोही याच नमुन्यातून नाही. ब्लॉटच्या बफरमधलं एसडीएस हे डिटर्जंट त्याची रचना बिघडवतं. सौम्य बफर, एटीपी, आणि एलएलव्हीवाय-एएमसी हा तुटल्यावर चमकणारा पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा): ३८० नॅनोमीटरवर उत्तेजन, ४६० वर मोजणी, ३७ अंशांवर. प्रत्येक नमुन्याला एमजी१३२ (प्रोटिआसोम बंद पाडणारं रसायन) घातलेली एक जोडविहीर हवी. तिचं वाचन वजा करूनच आकडा घ्यावा. कॅल्पेनसारखी इतर एंझाइमंही हा पेप्टाइड तोडतात. बफरमध्ये नेहमीचं प्रोटीएज-रोधक मिश्रण घालू नये, त्यातलं ल्युपेप्टिन प्रोटिआसोमचं एक काम अडवतं.

आजारांच्या बाबतीत पिशव्या जास्त बनतायत की पचत नाहीत, हा भेद जास्त महत्त्वाचा. अल्झायमरच्या मेंदूंत चेतातंतूंच्या फुगलेल्या भागांत ऑटोफॅगोसोम ढिगाने साठलेले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले आहेत. पुढचं पचन अडलेलं असताना रॅपामायसिनसारख्या औषधाने सुरुवातीलाच पिशव्या वाढवल्या, तर ढीग वाढायची भीती असते. शवविच्छेदनातल्या ऊतीला बॅफिलोमायसिन देता येत नाही, त्यामुळे तिथे प्रवाह मोजताच येत नाही. अशा नमुन्यांच्या अहवालात आम्ही "एलसी३-२ साचलेलं आढळलं" एवढंच लिहितो, "ऑटोफॅजी वाढली" असं नाही.