स्कीचे बूट हातात, बाकी सगळं बेल्टवर: मुंबई ते गुलमर्ग

स्कीइंगला विमानाने जायचं असेल तर बूट चेक-इनला द्यायचे नाहीत. माझं सगळं पॅकिंग या एका ठरावाभोवती फिरतं. कुणी सामानाची यादी मागितली तर मी आधी हेच सांगते आणि मग बाकीचं.

कारण सरळ आहे. एखाद्या दिवशी बॅग दिल्लीतच राहिली, तर गुलमर्गला स्की भाड्याने मिळतात, पोल (हातात धरायच्या काठ्या) मिळतात, जॅकेट, पँट, हातमोजे सगळं मिळतं. बूटही मिळतात, पण ते आधी शेकडो पायांत जाऊन आलेले असतात. आतलं लायनर, म्हणजे मऊ अस्तर, दबून सैल झालेलं असतं, त्यामुळे टाच प्रत्येक वळणावर उचलली जाते. ती उचलू नये म्हणून आपण बकल करकचून आवळतो आणि मग नडगी ठणकायला लागते. दुसऱ्या दिवशी अंगठ्याचं नख निळं. स्की वळते ती पायाच्या जोरावर. नडगीने बुटाची जीभ पुढे दाबली की तो दाब स्कीच्या टोकापर्यंत जातो. मधला बूटच ढिला असेल तर दोन हजारांची स्की काय आणि दोन लाखांची काय, काहीच फरक पडत नाही.

माझे बूट म्युनिकमध्ये घेतलेले आहेत, ऑफिसच्या कामाला गेले होते तेव्हा. दुकानातल्या फिटरने आधी दोन्ही पाय मोजले. स्कीच्या बुटांचा नंबर म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी, माझा २५.५. मग त्याने लायनर बाहेर काढून मला नुसत्या प्लॅस्टिकच्या शेलमध्ये उभं केलं, बोटं पुढे टेकवायला सांगितली आणि टाचेमागे आपली दोन बोटं घालून पाहिली. दीड ते दोन सेंटिमीटर जागा हवी, त्याहून जास्त नको. डाव्या पायाला करंगळीच्या बाजूला शेल टोचत होता. तेवढाच भाग त्याने गरम करून साच्याने बाहेर ढकलला. लायनर तापवून माझ्या पायावर बसवलं. इतकं करून झालेली वस्तू कन्व्हेयर बेल्टवर सोडून द्यायला माझं मन तयार होत नाही. हरवली तर विमान कंपनी फार तर पैसे देईल, पण गुलमर्गच्या पायथ्याशी तंगमर्गला उतरल्यावर ते पैसे पायात घालता येत नाहीत.

आता वजनाचं गणित. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातलं. काही कंपन्या ते १५ किलो एकाच नगात मागतात, दुसऱ्या नगाचे वेगळे पैसे. म्हणून सुटकेस वेगळी आणि स्कीची बॅग वेगळी हा विचारच सोडला. एक लांब बॅग आणि पाठीवरची एक सॅक, बस्स. घरी लटकवून वजन करायचा छोटा काटा आहे, त्यावर सगळं मोजलं. बूट ३.८ किलो, रिकामी सॅक ०.९, हेल्मेट ०.५, गॉगल ०.२. झाले ५.४ किलो. उरलेल्या १.६ किलोत एक थर्मलचा जोड, दोन लोकरी मोजे, औषधं, चार्जर आणि बीकन, म्हणजे हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला शोधायचं यंत्र. चेक-इनच्या बाजूला बाइंडिंगसकट (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) स्की ५.८, पोल ०.५ आणि बॅग स्वतः २.४ किलोची. म्हणजे ८.७ किलो कपडे भरायच्या आधीच गेले. राहिले ६.३. आठवड्याच्या कपड्यांना ते पुरतात, जीन्स नेली नाही तर. डाउन जॅकेट आणि जड बूट (चालायचे, स्कीचे नव्हेत) अंगावरच घालून निघायचं. फेब्रुवारीत मुंबईच्या उन्हात जॅकेट हातावर टाकून रिक्षात बसले होते. आई म्हणाली, "अगं, बघणाऱ्याला वाटेल तुला ताप आलाय." वाटू दे, सातशे ग्रॅम वाचले.

बूट सॅकमध्ये बसवायची एक पद्धत आहे. बहुतेक कंपन्यांचं हातातल्या बॅगेचं माप ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर असतं. दोन्ही बूट तळाशी उभे, पण एकाचा चवडा दुसऱ्याच्या टाचेकडे, असे उलटसुलट ठेवले की जाडी साधारण २३ सेंटिमीटर होते आणि बॅग मापात राहते. दोन्ही चवडे एकाच दिशेला ठेवले तर पुढचा भाग फुगतो आणि गेटवर कुणाची तरी नजर जाते. वर हेल्मेट, हेल्मेटच्या पोटात गॉगल. बुटांच्या आत मोजे, थर्मल, चार्जर कोंबायचे. त्याने जागाही वाचते आणि लायनरचा आकारही टिकतो. बकल नेहमी लावलेले हवेत, पण सैल, पहिल्या दातावर. उघडे सोडले तर बकलची तार दुसऱ्या वस्तूत अडकून वाकते आणि शेलही हळूहळू फाकतो.

बुटाच्या टाचेजवळ बाजूला एक आकडा कोरलेला असतो. माझ्या बुटावर २९५ आहे. ही बुटाच्या तळव्याची (पायाची नव्हे) मिलिमीटरमधली लांबी. त्याचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा. स्की भाड्याने घ्यायची वेळ आली तर बाइंडिंग त्याच आकड्यावर सरकवून बसवतात, आणि पडल्यावर बूट किती जोराने सुटावा हे ठरवायला वजन, उंची, वय यांच्यासोबत हाच आकडा लागतो. तळवा कोणत्या प्रकारचा आहे तेही बघून ठेवा. हल्ली बऱ्याच बुटांना चालायला सोपा, किंचित वळलेला ग्रिपवॉक तळवा असतो. जुन्या बाइंडिंगमध्ये तो बसला तरी नीट सुटेलच असं नाही, आणि बूट वेळेवर सुटला नाही तर गुडघा जातो.

स्की भरताना दोन्हींचे तळ एकमेकांवर ठेवते, ब्रेक एकमेकांत अडकवते आणि पुढे-मागे रबरी पट्टे बांधते. धातूच्या कडा धारदार असतात, नुसत्या ठेवल्या तर बॅगचं कापड आतून कापलं जातं. म्हणून पुढच्या टोकाला फ्लीस, बाइंडिंगभोवती स्कीची पँट आणि मागच्या टोकाला जुना टॉवेल. सामान उचलणारे लांब बॅग एका टोकाला धरून ओढतात, त्यामुळे खरा मार टोकांना बसतो, मधल्या भागाला नाही. पोल स्कीच्या कडेने उलटे. ते केबिनमध्ये चालत नाहीत, बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीत क्रिकेटच्या बॅटशेजारी स्की पोलही आहेत. फावडं, प्रोब (बर्फात खुपसून गाडलेला माणूस शोधायची लांब काठी), कडा घासायची कानस, स्क्रूड्रायव्हर हेही सगळं लांब बॅगेत.

बॅटऱ्या मात्र उलट. गरम होणाऱ्या मोज्यांच्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच लागतात. टोकं टेपने झाकून वेगवेगळ्या पाकिटात ठेवायच्या.  माझ्या बीकनमधले तीन छोटे सेल काढून बाजूला ठेवते, म्हणजे प्रवासात ते चुकून चालू होत नाही. गुलमर्गच्या वरच्या अफरवत डोंगरावर, आखलेल्या स्कीच्या पट्ट्याबाहेरच्या उतारांवर जायचं असेल तर हे यंत्र, फावडं आणि प्रोब यांशिवाय जाऊच नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या हिमस्खलनात एक रशियन स्कीअर दगावला. आपल्याकडे लोक वजन कमी करायला सगळ्यात आधी फावडं काढतात, ते मला बघवत नाही. परफ्यूम काढा, दुसरे शूज काढा.

गॅसच्या नळकांड्याने फुगणारी एअरबॅगची सॅक असेल तर ती विमान कंपनीची आगाऊ परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाही. ज्यांना नेहमी उडायचं आहे त्यांनी पंख्यावर चालणारी घ्यावी, त्यात नळकांडं नसतंच.

मुंबईला काउंटरवरच्या मुलीने लांब बॅग बघून विचारलं, "मॅडम, यात गोल्फ किट आहे का?" मी म्हटलं, स्की आहेत. तिने काट्यावर ठेवायला सांगितली, १४.६ किलो भरलं. मग ती म्हणाली, "ही या बेल्टवर जाणार नाही, तुम्हाला मोठ्या सामानाच्या काउंटरवर जावं लागेल." तिथे पुन्हा एक्स-रे, पुन्हा रांग. तिकिटाचं बुकिंग करताना खेळाचं सामान आधीच नोंदवलं होतं, त्यामुळे वाद झाला नाही. पण या फेरीला वेळ लागतो, तो धरूनच निघावं.

सुरक्षा तपासणीत सॅक बाजूला घेतली जाणार हे गृहीत धरा. जाड प्लॅस्टिक, त्यावर आठ धातूचे बकल, आत कोंबलेल्या वायरी: पडद्यावर काय दिसत असेल! मी सॅकची चेन पूर्ण उघडणारी घेतली आहे, म्हणजे एक बूट चटकन बाहेर काढून दाखवता येतो. तिथल्या बाईंनी बूट हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला. "ताई, हे घालून चालता येतं?" म्हटलं, चालायला फार कठीण, घसरायला छान. बुटात हात घालून मोजे चाचपले आणि जाऊ दिलं. शांतपणे, त्यांनी विचारायच्या आत उघडून दाखवलं की दोन मिनिटांत काम होतं.

श्रीनगरला उतरल्यावर सगळं बदलतं. तिथे कुणी काही विचारत नाही. लांब बॅग पट्ट्यावर न येता एका माणसाने हाताने आणून भिंतीला टेकवली, शेजारी तशाच आणखी चार. टॅक्सीवाल्याने बॅग टपावर टाकून स्वतःच्या दोरीने बांधली, बुटांच्या सॅककडे हात केला तर मी ती मांडीवर घेतली. "बूट हैं? ठीक है, अंदर रखो," तो म्हणाला. त्यालाही माहीत होतं. विमानतळ ते गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. तंगमर्गनंतरचा चढाचा रस्ता बर्फात साध्या गाडीने जमत नाही, चाकांना साखळ्या लावतात किंवा गाडी बदलतात. गाडी बदलताना नग मोजा. गडबडीत पोल मागे राहतात. आणि एक: प्रीपेड सिम बाहेरून आलेलं असेल तर जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. विमान रद्द झालं, बॅग मागे राहिली तर फोन चालू असणं फार गरजेचं.

मनालीला जायचं असेल तर हे सगळं वेगळं. भुंतरला छोटी विमानं उतरतात, त्यांत लांब बॅग बसेलच याची खात्री देता येत नाही. मी दिल्लीहून बसने जाईन.

परतीचं पॅकिंग जास्त अवघड असतं, कारण बर्फातून आलेलं सामान ओलं असतं आणि ओलं सामान जड असतं. जाताना १४.६ भरलेली बॅग येताना सहज १६ ओलांडते. म्हणून मुक्कामात रोज रात्री लायनर शेलमधून बाहेर काढायचं, आतली तळपट्टी वेगळी करायची आणि वर्तमानपत्राचे बोळे भरायचे. पहाटे ते बोळे बदलायचे. बुखारीच्या (काश्मिरी शेगडीच्या) खोलीत ठेवा, पण बुखारीपासून हातभर लांब. शेवटच्या दिवशी दुपारीच थांबावं. गोंडोलाच्या (केबल कारच्या) शेवटच्या फेरीचा मोह होतो, पण सामान वाळायला ती एक संध्याकाळ हवी असते. वाळलं तर अक्रोडांनाही जागा होते.

श्रीनगरहून निघताना विमानतळाच्या आवारात शिरण्याआधीच ड्रॉप गेटवर गाडीतून सगळं सामान उतरवून एक्स-रेतून न्यावं लागतं, मग टर्मिनलच्या दाराशी पुन्हा. टपावरची दोरी सोडा, बॅग वाहा, पुन्हा चढवा. तीन तास आधी पोचलं तरच हे निवांतपणे होतं. बुटांची सॅक दोन्ही ठिकाणी उघडली. बर्फामुळे विमानांना उशीर होणं तिथे नेहमीचंच, तेव्हा मुंबईहून पुढचं काही जोडून ठेवू नये.

घरी आलं की त्याच रात्री बॅग रिकामी करायची, कितीही दमलं असलं तरी. मुंबईच्या हवेत स्कीच्या कडांवर दोन दिवसांत तांबूस डाग दिसायला लागतात. कडा कोरड्या पुसून त्यावर मेणाचा हात फिरवते, तळालाही जाड मेण लावून तसंच ठेवते, ते पुढच्या मोसमात खरवडायचं. बुटांचं खरं दुखणं पावसाळा आहे. त्यांचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलियुरेथेन, दमट उष्ण हवेत ते वर्षानुवर्षं मुरत जातं आणि एक दिवस ठिसूळ होऊन तडकतं. लायनरला बुरशी येते ती वेगळीच. बकल सैल लावलेले बूट, आत सिलिका जेलच्या पुड्या, झाकणाच्या डब्यात, तोही माळ्यावर नाही तर बेडरूमच्या कपाटात. जून ते सप्टेंबर दर महिन्याला डबा उघडून पुड्या बदलते आणि लायनर पंख्याखाली ठेवते.