मर्सिए पुलापलीकडचं माहेर

मॉन्ट्रियलहून मर्सिए पूल उतरलो आणि पहिल्याच चौकात लेकीने ब्रेक दाबला. लाल अष्टकोनी पाटी ओळखीचीच, पण तीवर 'स्टॉप' नव्हतं आणि क्वेबेकमध्ये सगळीकडे दिसणारं फ्रेंच 'आरे'ही नव्हतं. 'तेस्तान' होतं. मोहॉक, म्हणजे कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या एका जमातीच्या, भाषेत 'थांबा'.

"आई, इथे उगाच 'आम्ही इंडियन' करत सुटू नकोस हं," लेक म्हणाली. "इथे त्या शब्दाला कायदा चिकटलाय."

कानावाके हे सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठावरचं मोहॉक लोकांचं गाव. नावाचा अर्थच खळाळत्या पाण्याकाठचं. पण गाव आणि नदी यांच्यामध्ये १९५०च्या दशकात जहाजांसाठी कालवा खणला, त्यामुळे आता घाटाच्या जागी सिमेंटची भिंत आणि तिच्यापलीकडे सरकत जाणारं भलंमोठं जहाज दिसतं. जुन्या दगडी चर्चमध्ये कातेरी तेकाक्वितांची समाधी आहे, त्यांना २०१२ साली संतपद मिळालं. ती बघून झाली. पण मला ओढ होती ती त्या कायद्याशी झगडलेल्या मेरी टू-अ‍ॅक्स अर्ली या बाईंच्या गावाची.

रविवार होता. रविवारी इथे मक्याची भाकरी आणि स्टेक असा बेत असतो. भाकरी म्हणजे मक्याच्या पिठात अख्खा राजमा घालून थापलेली, पाण्यात उकडलेली चांगली जाड चकती, वर ग्रेव्ही. पहिला घास मला सपक लागला, पर्समधल्या लसणाच्या चटणीची आठवण झाली. तिसऱ्या घासाला मात्र मक्याची गोडी कळली. चटणी पर्समध्येच राहिली.

काउंटरमागे सत्तरी ओलांडलेल्या बाई होत्या, चष्मा दोरीने गळ्यात. गप्पा निघाल्या तसं त्यांनी पाकिटातून एक प्लास्टिकचं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. आपण 'इंडियन', म्हणजे कायद्याच्या भाषेत मूळ रहिवासी, असल्याचं सरकारी प्रमाणपत्र.

"हे मला १९८६ साली परत मिळालं," त्या म्हणाल्या. "गेलं होतं १९७२ मध्ये. लग्न केलं म्हणून."

नवरा मॉन्ट्रियलचा, फ्रेंच. इंडियन अ‍ॅक्टनुसार बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलेली बाई त्या दिवसापासून इंडियन उरायची नाही. सरकारी यादीतून नाव कमी, रिझर्व्हवर, म्हणजे जमातीसाठी राखलेल्या जमिनीवर, राहायचा हक्क गेला, वारसाने आलेल्या घरावरचा गेला, मेल्यावर आईबापांशेजारी पुरलं जाण्याचाही गेला. मूळ कलम १८६९ सालचं. आणि उलट? त्यांच्या भावाने त्याच सुमारास एका इटालियन मुलीशी लग्न केलं, तर ती लग्नाच्या दिवशी इंडियन झाली!

"वहिनी फार चांगली आहे माझी," बाई हसत म्हणाल्या. "पण ती इंडियन आणि मी नाही?"

मला माझ्या लग्नानंतरची तहसील कचेरी आठवली. माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी केल्याचा दाखला घ्यायला मी बाबांबरोबर गेले होते. कारकुनाने पट्टी ठेवून माझ्या नावावर रेघ ओढली होती. तेवढ्यानेही पोटात काहीतरी हललं होतं. पण मला माहेरी चार दिवस राहण्यापासून कुणी अडवलं नव्हतं.

यातली खरी गोम अशी की मोहॉकांमध्ये कूळ चालतं आईचं. अस्वल, लांडगा, कासव ही कुळं; मूल आईच्या कुळात जन्मतं. प्रमुख निवडायचा आणि नालायक ठरला तर उतरवायचा अधिकारही कुळाच्या वडीलधाऱ्या बाईचा. अशा लोकांना ओटावातल्या सरकारने शिकवलं की बाई नवऱ्याच्या मागून जाते. बँड कौन्सिलच्या, म्हणजे जमातीच्या पंचायतीच्या, निवडणुकीत बायकांना मत मिळायला १९५१ साल उजाडलं.

मेरीबाई १९११ सालच्या. कामासाठी ब्रुकलिनला गेल्या, तिथे आयरिश वंशाच्या अमेरिकन इंजिनियरशी लग्न केलं, हक्क गेला. वैधव्यानंतर त्या आजीने ठेवलेल्या घरात राहायला आल्या, पण घर स्वतःच्या नावावर ठेवता येईना. त्यांच्या लेकीने मोहॉक मुलाशी लग्न करून हक्क परत मिळवला होता, तिच्या नावावर घर करून त्या तिच्या आधाराने राहिल्या. १९७५ मध्ये मेक्सिको सिटीला महिला परिषदेत असताना घर सोडण्याची नोटीस आल्याचं त्यांना कळलं. नोटीस आपल्याच कौन्सिलची. त्यांनी ती परिषदेतच जगासमोर मांडली.

याच कलमाविरुद्ध लढणाऱ्या जेनेट कॉर्बिएर लावेल १९७३ साली सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार मतांनी हरल्या. टोबिक या दुसऱ्या रिझर्व्हवरच्या बायका १९७९ मध्ये ओटावापर्यंत चालत गेल्या. त्यांच्यातल्या सँड्रा लव्हलेस यांची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या समितीने १९८१ साली उचलून धरली. कायदा बदलला तो १९८५ मध्ये, आणि पहिला हक्क परत मिळाला मेरीबाईंना. तेव्हा त्या ७३ वर्षांच्या होत्या.

"मग सगळं मिटलं?" मी विचारलं.

बाईंनी ओठ मुडपले. १९८५ च्या दुरुस्तीतही मेख होतीच: परत घेतलेल्या बायकांच्या मुलांना दुय्यम दर्जा, पुढे तो तुटायचा. या बाईंच्या नातवंडांना कार्ड २०११ च्या दुरुस्तीनंतर मिळालं. शिवाय कानावाकेचा स्वतःचा नियम आहे, बाहेर लग्न केलंत तर बाहेर राहा. तो पुरुषांनाही लागू. क्वेबेकच्या कोर्टाने २०१८ साली त्याला भेदभाव ठरवलं. "जमीन उरलीये एवढीशी, ती सांभाळायला नको?" असं त्यांचा भाऊ म्हणतो. "त्यावर आमच्या घरात जेवताना बोलायचं नाही, असं ठरलंय."

कबरस्तानात गर्डरच्या पोलादाचे क्रूस आहेत. १९०७ साली क्वेबेकचा पूल बांधताना कोसळला, त्यात या गावचे ३३ पुरुष गेले. त्यानंतर बायकांनीच ठरवलं म्हणे, की गावातले सगळे पुरुष एका कामावर पाठवायचे नाहीत. मेरीबाई १९९६ मध्ये वारल्या आणि इथल्याच मातीत गेल्या.

निघताना बाईंनी मला विचारलं, "तुमचं आईकडचं कूळ कोणतं?" मी सासरचं गोत्र सांगितलं. त्या मान हलवत थांबून राहिल्या. मग मी बाबांचं सांगितलं. त्या अजून थांबलेल्याच.

परतताना पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. मावशीला फोन लावला, तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते.

"मावशी, आजीचं माहेरचं आडनाव काय गं?"

"आत्ता? या वेळेला?" मग बराच वेळ काहीच नाही. "थांब हं, दिवा लावते. जुन्या ट्रंकेत तिची एक वही होती."