तक्रारीचे टाळ

पत्नी गेल्यानंतर दीड वर्ष मला प्रार्थना करता आली नाही, असे म्हटले तर ते पूर्ण खरे होणार नाही. साताऱ्यातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी उभे राहून मी सुरेख शब्दांत देवाचे आभार मानत होतो आणि लोक ‘आमेन’ही म्हणत होते, घरी एकटा बसलो की मात्र तोंडातून अवाक्षर निघत नसे. दर गुरुवारी संध्याकाळी ज्यांच्या ओसरीवर आम्ही तिघे प्रार्थनेला जमतो, त्या गुरुजींना मी हे सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “तुमच्या वाटची प्रार्थना आम्ही दोघे करतो. तुम्ही नुसते येऊन बसत जा.” मी जाऊन बसू लागलो.

आमच्यातल्या तिसऱ्या म्हणजे एक निवृत्त परिचारिका. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. त्यांच्या शेजाऱ्यांची दिंडी माऊलींच्या पालखीबरोबर असते. गेल्या वर्षी त्यांनी नीरेपासून तरडगावापर्यंत चालायचे ठरवले आणि मलाही ओढून नेले. ख्रिस्ती माणसाने वारीत कशाला जायचे, असे मंडळीत कोणीतरी विचारलेच. साताऱ्यात हा प्रश्न नवा नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे सांगणाऱ्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये याच गावी ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही शिष्यांना त्यात जागा दिली. मी मात्र एवढा विचार करून निघालो नव्हतो. घरात बसवत नव्हते, म्हणून निघालो.

नीरेच्या दत्तघाटावर पादुकांना स्नान झाले आणि पालखी सातारा जिल्ह्यात आली. वाटेत माझे लक्ष वीणेकऱ्यांकडे सारखे जात होते. दिंडीत वीणा खाली टेकवत नाहीत. त्यांना पाणी प्यायचे झाले, तेव्हा मागचा तरुण पुढे येऊन मान वाकवून उभा राहिला, गळ्यातला पट्टा या मानेवरून त्या मानेवर गेला आणि अभंग तुटला नाही. “तुमच्या वाटची” म्हणजे काय, ते मला तिथे दिसले.

संध्याकाळी लोणंदच्या तळावर समाजआरतीसाठी दिंड्या पालखीभोवती उभ्या राहिल्या. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड उंचावताच एवढ्या मोठ्या जमावातले टाळ थांबले. फक्त आमच्या पलीकडच्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले. मला वाटले, त्यांना खूण दिसली नसावी. शेजारचे म्हातारेबुवा म्हणाले, “तसं नव्हं माऊली, त्यांची काही तक्रार हाय. चोपदार येऊन ऐकून घेईस्तोवर ते वाजवणार.” आणि खरोखरच चोपदार त्या गर्दीतून त्यांच्यापाशी गेले. पाण्याचा टँकर वेळेवर न आल्याची तक्रार होती. ती ऐकून घेतल्यावर टाळ थांबले आणि मग आरती झाली.

रात्री राहुटीबाहेर पाय चेपत बसलेल्या सिस्टर मला म्हणाल्या, “दीड वर्ष तुम्ही टाळ खाली ठेवून नीट रांगेत उभे आहात. तक्रार आहे ना? मग वाजवा की.” मग त्यांनी पिशवीतून बायबलमधली स्तोत्रसंहिता काढून तेरावे स्तोत्र वाचले. दावीद तिथे सुरुवातीलाच देवाला चार वेळा ‘कुठवर’ म्हणून विचारतो. हे स्तोत्र मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, पण तो जाब आहे हे माझ्या ध्यानात आले नव्हते. त्या रात्री मी जे बोललो त्यात एकही सुरेख शब्द नव्हता. दवाखान्यातले शेवटचे नऊ दिवस, मी केलेल्या विनवण्या आणि मिळालेली शांतता, हे सगळे मी देवाला भांडखोर शब्दांत सुनावले. सिस्टरांनी मध्ये सांत्वन केले नाही, वचन ऐकवले नाही. शेवटी ‘आमेन’ तेवढे त्यांनी म्हटले, कारण ते मला म्हणवले नाही.

दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण झाले. त्याची वर्णने पुष्कळ आहेत; मला धुळीत अश्वाची शेपटी तेवढी दिसली.

तरडगावच्या तळावर आरतीच्या वेळी सगळेच टाळ एकदम थांबले. सिस्टरांनी हळूच विचारले, “आज काही तक्रार?”

“आहे. कालचीच.”

“बरं,” त्या म्हणाल्या, “मग जेवण झालं की बसू.”